फुलपात्रातली फ्रेंच वाईन

मेलबर्नला आल्यापासून मी एकाच दुकानात नोकरी करते आहे, आणि ते दुकान कसलं हे सांगताना आमच्या घरच्यांनी आजवर बरीच कसरत केली आहे. वसईला आई शेजारणींना सांगायची, "सबिना सुपरमार्केटात आहे." नणंद म्हणते, "रिटेलमध्ये आहे." मुलगी मात्र शाळेत असल्यापासून बिनदिक्कत सांगत आली, "मम वर्क्स ॲट द बॉटल-ओ." तेच खरं आहे. मी दारूच्या दुकानात काम करते आणि चांगलं करते. यंदा इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हटलं, तेव्हा मी त्यांना पुन्हा विचारून घेतलं, नक्की ना? ते म्हणाले, "लिहा हो, आमचे निम्मे वाचक तुमचंच गिऱ्हाईक आहेत." निम्मे म्हणजे त्यांनी कमीच सांगितले.

बॉटल-ओ म्हणजे बार नव्हे. इथे बसून प्यायचं नसतं, विकत घ्यायचं आणि घरी न्यायचं. आमचं दुकान क्लेटन आणि डँडेनॉन्गच्या मधे, हमरस्त्याला लागून आहे. एका बाजूला फिश-अँड-चिप्सवाला, दुसऱ्या बाजूला टायरवाला. मालक निक, इथेच जन्मलेला ग्रीक. दुकान त्याच्या वडिलांनी सुरू केलेलं. बिअरच्या काचेच्या दारांमागे एक मोठी थंड खोली असते, तिला कूल रूम म्हणतात. गिऱ्हाईक पुढून कॅन काढत असतं आणि आतलं माणूस मागून भरत असतं. पहिली कित्येक वर्षं ते आतलं माणूस म्हणजे मी. बाहेर उन्हाने डांबर मऊ व्हायचं आणि मी आत लोकरीची टोपी, हातमोजे घालून खोकी उचलत असायचे. 'दारूच्या दुकानात काम करते' म्हणून ज्यांनी नाकं मुरडली, त्यांना ती टोपी एकदा दाखवायला हवी होती.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले. तेव्हा मी मनाशी ठरवलं की या खोलीतून बाहेर पडायचं, आणि बाहेर पडायचं ते झाडू मारायला नाही. सुट्टीच्या दिवशी मी वाईनचा कोर्स केला. वर्गात सगळे पंचविशीचे, दाढ्या कोरलेले. वास घेऊन कुणी म्हणायचं गूसबेरी, कुणी म्हणायचं ओलं गवत. मी गूसबेरी उभ्या जन्मात खाल्ली नव्हती. मी लिहायचे कैरी, पेरू, लिंबाची साल, पावसाआधीची माती. मास्तरीणबाई भली होती, तिने मार्क दिले. पास झाल्यावर निकने मला एक शेल्फ दिलं. दारातून आत शिरलं की डावीकडचं, परदेशी पांढऱ्या वाईनचं. त्यावर काय ठेवायचं, काय मागवायचं, काय काढायचं, ते मी ठरवायचं. "युअर शेल्फ, सॅब," तो म्हणाला. चार फळ्यांचं एक कपाट. पण मला शेतजमीन नावावर झाल्यासारखं वाटलं.

गिऱ्हाइकांबद्दल थोडं सांगते, कारण आपल्याच माणसांबद्दल आहे आणि त्यांनी ते हसून घ्यावं.

आपले लोक दुकानात शिरले की आधी कोण ओळखीचं आहे का ते बघतात. मग व्हिस्कीकडे जातात. व्हिस्कीचं त्यांना सगळं कळतं. वाईनकडे आले की एकदम गरीब होतात. "ताई, एखादी चांगली द्या, ऑफिसमधले येणारेत." चांगली म्हणजे कशी, विचारलं तर, "म्हणजे जड बाटली हवी." बाटलीच्या वजनावरून वाईन घेणारे मी पुष्कळ पाहिलेत. एक गृहस्थ दर महिन्याला येऊन रेड वाईन न्यायचे, डॉक्टरांनी हृदयासाठी सांगितलंय म्हणून. त्यांच्या मागून त्यांची बायको यायची आणि विचारायची, "डॉक्टरांनी खरंच एवढी सांगितलीय का हो?" एका बाईंनी भेट आलेली पांढरी वाईन तीन वर्षं शोकेसमध्ये चांदीच्या समईशेजारी ठेवली होती. चांगली वस्तू आहे, चांगल्या दिवशी उघडू, म्हणून. उघडली तेव्हा तिचा रंग चहासारखा झाला होता. त्या माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. मी त्यांना सांगितलं, मावशी, ही समई नव्हे, ही कोथिंबीर आहे. आणली की संपवायची.

सगळंच हसण्यासारखं नसतं. दारू विकायला इथे एक सर्टिफिकेट लागतं आणि त्यात मुख्य शिकवतात ते पिऊन आलेल्याला 'नाही' कसं म्हणायचं. एका आपल्याच माणसाला मी दोनदा नाही म्हटलं. तो चिडला नाही. त्याने दुकान बदललं. त्याची बायको मला डँडेनॉन्गच्या फॉस्टर स्ट्रीटवर, भारतीय दुकानांच्या गल्लीत, भाजी घेताना दिसते, आम्ही एकमेकींकडे बघून मान हलवतो आणि पुढे जातो. माझ्या धंद्याची ही बाजू मी लपवणार नाही. तिच्यामुळेच मला नेहमी वाटायचं, की आपल्याकडे पिणं आणि जेवणं यांची ताटातूट झालेली आहे. आधी दोन-तीन तास चखण्यावर प्यायचं, आणि 'चला, पानं घ्या' म्हटलं की पिणं संपलं. जेवताना जेवढी लागेल तेवढीच, ही चाल आपल्याला माहीतच नाही.

म्हणून मी ती फ्रेंच वाईन मागवली.

फ्रान्सच्या नैऋत्येला गॅस्कनी नावाचा भाग आहे. तिथे दोन-तीन जातींची पांढरी द्राक्षं एकत्र करून एक साधी, स्वस्त वाईन करतात. एक द्राक्ष युनी ब्लाँ, दुसरं कोलोंबार, कधी हाताशी असेल तर थोडं सोव्हिन्यों. यातल्या युनी ब्लाँपासून तिकडे ब्रँडी गाळतात. हे सांगितलं की आपल्या काकालोकांचा चेहरा जरा आदराचा होतो. एकेकटी ही द्राक्षं काही मोठी नाहीत. एक नुसतं आंबट, दुसऱ्याला वास चांगला. एकत्र आली की जमतं. ही वाईन लाकडी पिंपात मुरवत नाहीत, वर्षा-दोन वर्षांत पिऊन टाकायची असते. नशा बेताची. 'ड्राय' म्हणजे कोरडी नव्हे, तर जिच्यात साखर उरलेली नाही अशी.

आणि ती करते काय? तळलेल्या बोंबलावर आपण लिंबू पिळतो ना, तेच काम ती तोंडात करते. तेल धुऊन काढते आणि पुढच्या घासाला जीभ मोकळी करून देते. रवा लावून तळलेली सुरमई, कोथिंबीर वडी, अळूवडी, कोळंबीभात, नारळाच्या रसातली माशाची आमटी, या सगळ्याला ती चालते. तांबड्या रश्श्यापुढे मात्र तिचा टिकाव लागत नाही, खोटं कशाला बोलू. उलट लोक तिखटाबरोबर जी जड, लाल शिराझ वाईन घेऊन बसतात, ती आग आणखी भडकवते आणि दोष मटणाला मिळतो.

हे सगळं मला पहिल्याच घोटाला दिसलं. मी निकला गळ घातली आणि त्याने माझ्या शब्दावर अख्खं पॅलेट उचललं. एक पॅलेट म्हणजे छातीएवढा खोक्यांचा चौथरा.

तो चौथरा हलेना.

इथल्या गोऱ्या गिऱ्हाइकांना न्यूझीलंडची सोव्हिन्यों ब्लाँ पाठ झालेली. ते फ्रेंच लेबल बघायचे, उच्चार जमायचा नाही, आणि बाटली परत ठेवायचे. आपले लोक व्हिस्कीकडे जाताना वाटेत चौथऱ्याला वळसा घालायचे. जानेवारी, म्हणजे इथला भर उन्हाळा, गेला. एक दिवस निक चौथऱ्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "सॅब, समर संपेपर्यंत बघू. नाही हलली तर हे शेल्फ मी त्या दारूवाल्या सोड्याच्या, सेल्ट्झरच्या कॅनना देतो. पोरं तेच मागतात. अँड आय नीड यू बॅक इन द कूल रूम. नथिंग पर्सनल, मेट."

निक वाईट माणूस नाही. त्याचं म्हणणं हिशेबाला धरून होतं. पण मला त्या थंड खोलीचं दार डोळ्यांपुढे दिसायला लागलं आणि मी म्हटलं, "समर इज लाँग, निक." तो हसला. मी हसले नाही.

त्याच आठवड्यात मेधाताई दुकानात आल्या. मेधाताई आमच्या मंडळातल्या, क्लेटनला राहणाऱ्या, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या. बोलायला फटकळ, पण कुणाच्या घरी अडचण असली की पहिला डबा त्यांचा. त्यांचे यजमान दिलीपकाका साठ वर्षांचे होणार होते. पूजा वगैरे घरी करून झाल्यावर रविवारी हॉल घेऊन सगळ्यांना जेवण द्यायचं होतं, मासळीचं, पंगतीसारखं.

"ड्रिंक्सचं काय करू गं?" त्या म्हणाल्या. "व्हिस्की ठेवली की पुरुष बाहेर कार पार्कमध्ये उभे राहतात आणि जेवायला हाका माराव्या लागतात. मला सगळे टेबलावर हवेत."

यापेक्षा चांगली संधी मला कुठून मिळणार होती? मी त्यांना चौथऱ्यापाशी नेलं आणि वाईन जेवणाबरोबर कशी लागते ते समजावलं. त्या ऐकत होत्या, पण त्यांचा विश्वास वाईनवर बसला की माझ्या आवेशावर, हे मला आजही सांगता येणार नाही. निकला मी पटवलं की न उघडलेल्या बाटल्या परत घ्यायच्या. उंच दांडीचे ग्लास भाड्याने आणले. थंड करायच्या पेट्या, बर्फ, सगळं मी माझ्या गाडीतून नेलं. मी पाहुणी होते, पण सकाळपासून हॉलमध्ये होते.

ताटं आणि फुलपात्रं मंडळाची, स्टीलची. प्रत्येक ताटाशेजारी मी एकेक ग्लास मांडला. टेबलं इतकी देखणी दिसत होती, की मी फोटो काढून निकला पाठवला. सगळे बसल्यावर दिलीपकाकांनी मला दोन शब्द बोलायला लावलं. मी कोर्समधलं सगळं सांगितलं. ग्लास दांडीला धरा, वरचा भाग धरू नका, हाताच्या उबेने वाईन तापते. आधी वास घ्या. लोकांनी कौतुकाने वास घेतले. कुणीतरी म्हणालं, "सबिना, कैरीचा वास येतोय गं." मला वाटलं, जिंकले.

मग वाढप सुरू झालं. कोथिंबीर वडी, सुरमई, कोळंबीभात, सोलकढी, आणि ताटातच जिलबी. लोकांनी बाह्या मागे सारल्या आणि हात भातात घातला.

त्यानंतर ग्लासांना जवळजवळ कुणी हात लावला नाही.

मी पेटीजवळ थंड बाटली घेऊन उभी होते. एका टेबलाजवळ जाऊन म्हटलं, घ्या ना. तिथल्या गृहस्थांनी कोळंबीभाताने माखलेला उजवा हात वर करून दाखवला. "ताई, हात खरकटा आहे. नंतर घेतो." दुसरीकडे एका मुलाने दोन बोटांनी ती नाजूक दांडी पकडायचा प्रयत्न केला, ग्लास घसरला, शेजारच्या काकूंच्या पैठणीवर जाता जाता वाचला. मग त्या टेबलावरचे सगळे ग्लास काकूंनी मधोमध लोटून ठेवले. एक-दोघांनी धीर करून घोट घेतला तोही नेमका जिलबीनंतर. गोडावर ही वाईन व्हिनेगरसारखी लागते. त्यांची तोंडं बघून बाकीच्यांनी विचार सोडला. 'नंतर घेतो' म्हणणारे हात धुऊन आले ते चहा कुठे आहे विचारत.

पंगत उठली. टेबलांवर भरलेले ग्लास तसेच उभे, कोमट झालेले. मला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. मेधाताई माझ्याजवळ आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नकोस गं. आपल्या लोकांचं नाही हे."

त्या प्रेमानेच म्हणाल्या होत्या, म्हणून जास्त लागलं. कारण चौथरा अडला तेव्हा निकही तेच म्हणाला होता, 'युअर मॉब डोन्ट ड्रिंक व्हाइट,' तुमची माणसं व्हाइट पीत नाहीत. दोघं एकमेकांना ओळखत नव्हते आणि दोघांचं एकमत होतं. मी मनात म्हटलं, आपल्या लोकांचं का नाही? आमच्या वसईला लग्नात, नाताळात घरची वाईन असतेच. आई जांभळाची घालायची बरणीत. ती काय फ्रान्सहून शिकून आली होती?

मी टेबलं आवरायला घेतली. हाताला काम असलं की माझं डोकं चालतं. एका हाताने ग्लास उचलत होते, दुसऱ्या हाताने फुलपात्रं एकात एक रचत होते. ग्लास ओतायला बेसिनपाशी जावं लागत होतं. फुलपात्रं मात्र सरळ रचली जात होती, कारण ती सगळी रिकामी होती. पाण्याची, सोलकढीची, एकूण एक.

मी थांबले. मघाशी दिलीपकाकांना मी समोरून बघत होते. उजवा हात भात कालवत होता, आणि मान वरही न करता डावा हात फुलपात्राकडे जात होता. सगळ्यांचा तसाच जात होता. लहानपणापासून आपण असेच जेवतो: उजवा हात घासाला, डावा पाण्याला. डावा हात अख्खं भांडं मुठीत धरतो. स्टील पडलं तर वाजतं, फुटत नाही. आणि मी त्या डाव्या हातासमोर काचेची काडी उभी केली होती आणि वर भाषण दिलं होतं, की मुठीत धरू नका.

आता हॉलमध्ये उरली होती ती बायकांची शेवटची पंगत. वाढणाऱ्या सात-आठ जणी आणि मेधाताई, दमून, घामाघूम होऊन, पाय पसरून बसलेल्या. त्यांना ना कुणी वाईन विचारली होती ना भाषण ऐकायला त्या मोकळ्या होत्या. मी म्हटलं, आज मी वाढते, तुम्ही उठायचं नाही. सगळ्यांची ताटं केली. जिलबी घेतली नाही, बाजूला झाकून ठेवली. पेटीत तळाला राहिलेल्या अगदी गार बाटल्या काढल्या आणि प्रत्येकीच्या ताटाच्या डावीकडे फुलपात्र ठेवून निम्म्यापर्यंत ओतली. या वेळी भाषण केलं नाही.

मेधाताईंनी सुरमईचा तुकडा मोडला, घास घेतला, आणि न बघता डावा हात पुढे केला. घोट घेतला. घास घेतला. परत घोट. मग फुलपात्रात डोकावून पाहिलं.

"ही मघाचीच का गं?"

"मघाचीच."

"मग मघाशी का नाही अशी लागली?"

"मघाशी तुम्ही घेतलीच कुठे? तुम्ही वाढत होता."

त्या हसल्या, आणि फुलपात्र माझ्याकडे सरकवलं. "घाल अजून थोडी. ही वडी आणखी आण. आणि तू बस की आता, उभी काय राहिलीस?"

मी बसले. पलीकडच्या एकीने मला कानाशी येऊन सांगितलं, की तिने आयुष्यात पहिल्यांदाच घेतली, आणि घरी सांगू नकोस. जिलबी आम्ही शेवटी खाल्ली, फुलपात्रं बाजूला सारून. त्या दुपारी त्या टेबलावर कुणी झिंगलं नाही, कुणी कार पार्कमध्ये गेलं नाही. आम्ही जेवत होतो आणि बोलत होतो. मला तेवढंच हवं होतं.

उरलेल्या बाटल्या मी परत नेल्या, आणि त्या बऱ्याच होत्या. निकने एकेक खोकं मोजलं. मी म्हटलं, मला ईस्टरपर्यंत दर शनिवारची दुपार दे. दुकानात टेस्टिंग करते, माझ्या पद्धतीने. फॉस्टर स्ट्रीटवरून मी स्टीलची लहान फुलपात्रं आणली. शेजारच्या फिश-अँड-चिप्सवाल्याला रवा आणि मसाला नेऊन दिला, त्याने मासे तळून दिले. टेबल मांडल्यावर निक आला.

"व्हॉट आर दीज? वी हॅव ग्लासेस, सॅब."

"एका हातात मासा धर, निक. तेलकट. आता दुसऱ्या हाताने तुझा ग्लास उचल."

त्याने मान वळवून, दांडी बघत, जपून उचलला आणि लगेच टेबल बघायला लागला, कुठे ठेवू म्हणून. मी फुलपात्र पुढे केलं. त्याने ते मुठीत घेतलं, प्यायला, मासा खाल्ला आणि म्हणाला, "माय यायाज व्हिलेज, दे ड्रिंक फ्रॉम टिन कप्स." याया म्हणजे आजी. मग आणखी एक मासा घेऊन तो आत गेला.

लगेच चमत्कार झाला असं समजू नका. पहिल्या शनिवारी लोकांनी मासे खाल्ले आणि व्हिस्की घेऊन गेले. दुसऱ्या शनिवारी पाऊस होता. कोर्समधला एक जुना वर्गमित्र आला, फुलपात्रं बघून म्हणाला, यात वास कोंडतो, धातूची चव येते. मी त्याला म्हटलं, ही जपून चाखायची वाईन नव्हे रे, ही जेवायची आहे. तो तोंड वाकडं करून गेला. मी दर शनिवारी टेबल मांडत राहिले. पाय दुखायचे. घरी नवरा म्हणायचा, "सोड ना सबिना, कूल रूम तर कूल रूम." मी त्याला सांगितलं, की ती टोपी मी कचऱ्यात टाकली आहे, आता परत जायची सोय नाही. खरं तर टोपी कपाटात होती.

मग मेधाताई आल्या आणि एक खोकं घेऊन गेल्या. त्यांच्यामागून शेवटच्या पंगतीतल्या एकेक जणी आल्या. आमच्या दुकानात आपल्या बायका एकट्या कधी येत नसत. आल्या तरी नवऱ्यामागे ट्रॉली धरून. आता त्या यायच्या आणि मोठ्याने विचारायच्या, "ताई, ती फुलपात्रातली आहे ना?" त्यांच्यामागून नवरे आले, बायको काय आणते ते बघायला. एका गृहस्थांनी तक्रार केली, की हल्ली पाहुणे आले तरी व्हिस्कीचा बार लागत नाही, सरळ पानंच मांडतात. मी म्हटलं, फार वाईट झालं. मार्च सरता सरता चौथरा गुडघ्यापर्यंत आला, आणि ईस्टरच्या आधी मी त्याच्याखालचं लाकडी पॅलेट उचलून भिंतीला उभं केलं. निकने ते बघितलं आणि दुसरं मागव म्हणाला.

आई मात्र हे बघायला आली नाही. तिकीट काढायच्या गोष्टी आम्ही फोनवर पुष्कळ केल्या, आणि मग ती गेलीच. तिने शेजारणींना शेवटपर्यंत सुपरमार्केटच सांगितलं. मला फार वाटतं, की एकदा तिला दुकानात आणायला हवं होतं, तिच्या डाव्या हाताशी एक फुलपात्र ठेवायला हवं होतं.

गेल्या हिवाळ्यात वाईन आयात करणाऱ्या कंपनीचा नवा माणूस आला. तरुण, चकचकीत बूट, हातात टॅबलेट. एवढ्याशा दुकानात ही वाईन इतकी कशी जाते, ते बघायला त्याला पाठवलं होतं. शनिवारची दुपार होती आणि माझं टेबल मांडलेलं. फुलपात्रं बघून त्याच्या कपाळावर आठी पडली. मला काही न विचारता तो थेट निककडे गेला. फ्रेंच वाईन स्टीलच्या भांड्यात दिली तर ब्रँडचं काय राहील, असं म्हणाला. कंपनी तुम्हाला ग्लास फुकट देईल, नाव कोरलेले, उंच दांडीचे. हे टेबल बदलून घेऊ.

निक बिलाच्या मशिनवरून मान न उचलता म्हणाला, "आस्क हर, मेट. इट्स हर शेल्फ."

हे वाक्य त्याने दुसऱ्या कुणाला सांगितलेलं ऐकायला मला इतकी वर्षं लागली होती. तो माणूस माझ्याकडे वळला. मी काही समजावायला गेले नाही. गरम कोथिंबीर वडी त्याच्या उजव्या हातात दिली. वडीचं तेल बोटांना लागलं तसा तो टॅबलेट खाली ठेवून इकडे-तिकडे रुमाल शोधायला लागला. मी फुलपात्रात थंड वाईन ओतली आणि त्याच्या डावीकडे ठेवून दिली.

त्याने वडीचा घास घेतला, आणि न बघता डावा हात पुढे केला.